आप्पांचं नाक मोकळं झालं

माझ्या सासऱ्यांची जुनाट सर्दी मी एका घासात बरी केली आणि त्याचा मला आजतागायत पश्चात्ताप होतो.

देशात उदारीकरण आलं, तसं ते माझ्याही अंगात आलं. सरकारी नोकरी सोडून मी जपानी भागीदारीच्या कारखान्यात लागलो आणि दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून गुडगावात फ्लॅट घेतला. बाल्कनीखालून उघडा नाला वाहायचा. (बिल्डर त्याला 'वॉटर व्ह्यू' म्हणायचा!) आमची नाकं सरावली. त्याच हिवाळ्यात आप्पा, म्हणजे माझ्या बायकोचे, सुलभाचे वडील, पुण्याहून राहायला आले. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच होते. त्यांनी आता कायमचं आमच्याकडे राहावं म्हणून सुलभा देव पाण्यात घालून बसली होती.

आणि आप्पा रमले की हो! बाल्कनीत ऊन खायचे, आमच्या मिनूला मराठी वाचायला शिकवायचे, पत्त्यांत माझ्याशी रडीचा डाव खेळायचे. मला त्यांचा फार लळा लागला. नाक तेवढं कायम चोंदलेलं.

"हवा छान आहे तुमच्याकडे," ते गेंगाण्या आवाजात म्हणायचे. "पुण्याची जागा देऊनच टाकतो."

इथे मी गप्प बसायला हवं होतं! पण कारखान्यातल्या जपानी साहेबांनी मला वासाबीची, म्हणजे एका झणझणीत जपानी कंदाच्या पेस्टची, ट्यूब भेट दिली आणि वर तिचे गुणही ऐकवले. त्या कंदात म्हणे असं उग्र नैसर्गिक द्रव्य असतं, की जंतू मरतात आणि नाक खाडकन उघडतं. झालं! रविवारी मी आप्पांच्या ताटात डावीकडे, चटणीच्या जागी, ती हिरवी पेस्ट वाढली.

"हे काय, जावईबापू?"

"औषधी आहे, आप्पा. मोहरीच्या कुळातलं."

"म्हणजे फेसलेली मोहरीच! मग एवढीशी काय वाढता?"

मी लिंबाएवढा गोळा वाढला.

"अहो, काय करताय?" सुलभा ओरडली.

"आजोबा, बिल्कुल तिखी आहे ती!" मिनू ओरडली.

पण पानात टाकायचं नाही, ही आप्पांची शिस्त. अख्खा गोळा पोळीच्या एका तुकड्यात गुंडाळून त्यांनी तोंडात टाकला. मग चेहरा जांभळा, डोळ्यांतून धारा, आणि अशी शिंक, की शेजारचे शर्माजी "सब ठीक है जी?" करत दारात हजर!

आप्पांनी हळूच श्वास घेऊन पाहिला. "मोकळं झालं! कित्येक वर्षांनी!"

मी सुलभाकडे ऐटीत पाहिलं. आप्पांनी आणखी एक, चांगला छातीभर श्वास घेतला आणि एकदम थबकले.

"सुलभे, हा वास कसला गं?"

"नाल्याचा, आप्पा."

"रोज असतो?"

सुलभा बाल्कनीचं दार लावायला उठली.

त्याच आठवड्यात आप्पा पुण्याला परत गेले. स्टेशनवर त्यांनी माझे हात धरले. "उपकार झाले हो तुमचे," ते अगदी मनापासून म्हणाले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुलभा भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती घरी येऊन नुसती आप्पांच्या पांघरुणाची घडी घालत बसली.

आता दर हिवाळ्यात मी पुण्याला फोन लावतो आणि काकुळतीला येऊन सांगतो, "आप्पा, या ना! यंदा थंडी कडाक्याची आहे, धुकंही दाट आहे. आल्या आल्या सर्दी होईल, माझी गॅरंटी!"