मराठीचा वर्ग कशामुळे बंद पडला

‘याच सुमारास मराठीच्या शिक्षिका मायदेशी परतल्यामुळे तो वर्ग नाइलाजाने बंद करावा लागला. तथापि, माननीय अध्यक्षांचे वैयक्तिक संबंध आणि अथक पाठपुरावा यांमुळे, तत्कालीन सचिवांनी घालून ठेवलेल्या घोळातूनही मार्ग निघाला आणि आपल्या पालक संघास ना-नफा संस्था म्हणून शासकीय मान्यता व शुल्कमाफी मिळाली.’

दुबईतील आमच्या पालक संघाच्या दशकपूर्तीच्या स्मरणिकेतील ही दोन वाक्ये आहेत. तत्कालीन सचिव म्हणजे मी. मराठीच्या शिक्षिका म्हणजे माझी पत्नी. लेखाखाली नाव खुद्द अध्यक्षांचे आहे. स्वतःला माननीय म्हणवून घेण्याची सोय त्यांनी स्वतःच करून घेतली आहे.

स्मरणिका पुण्याला आली तेव्हा मी ती पत्नीपुढे ठेवली. मेथी निवडता निवडता तिने ते पान वाचले.

“परतल्या असंच लिहिलंय ना? वारल्या असं तर नाही लिहिलं. सोडा हो.”

मुलगा अजून दुबईतच नोकरी करतो. त्याला फोनवर वाचून दाखवले, तर तो म्हणाला, “बाबा, इट्स ओन्ली अ सूव्हेनिर. नोबडी रीड्स इट.”

कोणी वाचत नाही म्हणून खोटे छापावे, हा न्याय मला मान्य नाही. माझ्याविषयी काय लिहिले आहे त्याचे उत्तर मी देईनच, पण या लेखाचे कारण ते नाही. वर्ग तिच्यामुळे बंद पडला असे दहा वर्षांनी छापून आले आहे, आणि ज्यांनी तो बंद केला त्यांना त्याच पानावर हार घातले आहेत. कारण हे आहे.

जिथे पगारावर कर नाही तिथे करमाफी कसली, असे पुण्यातले लोक मला आजही हसून विचारतात. आयकर नव्हता हे खरे. पण सभागृह घेऊन कार्यक्रम केला की शुल्क होते, बंदरात उतरलेल्या खोक्यांवर जकात होती, आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न होता: तुम्ही कोण? परवानगीवाचून सात माणसांनी एकत्र येऊन स्वतःला संस्था म्हणवणे त्या देशात चालत नसे. आम्ही नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर नेमके तेच करत होतो.

आमचा संघ मराठीच्या वर्गासाठी जन्मला, हे स्मरणिकेत कुठेही नाही. आमची मुले ज्या भारतीय शाळेत जात, तिथे मराठी नव्हती. मुले कमी, असे शाळेचे म्हणणे. आम्ही काही पालकांनी मिळून प्राचार्यांकडे एक खोली मागितली, आणि गुरुवारी शाळा लवकर सुटल्यावर प्रयोगशाळेशेजारची खोली आम्हाला मिळू लागली. माझी पत्नी लग्नाआधी पुण्यात शिक्षिका होती. संघ तिला महिन्याचे मानधन देई. पहिल्या वर्षी सव्वीस मुले होती. एकमेकांशी इंग्रजीत भांडणारी ती मुले दिवाळीपर्यंत मराठीत भांडू लागली. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, खोलीबाहेर उभा राहून ऐकलेले आहे.

पुस्तके मुंबईहून जहाजाने येत. मी दुबईच्या देरा भागातल्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत कागदपत्रांच्या कामावर होतो, त्यामुळे खोकी सोडवून आणणे माझ्याकडे आले. दुसऱ्या वर्षी बंदरावरच्या अंमलदाराने खोके उघडले आणि एकाच पुस्तकाच्या तीस प्रती मोजल्या.

“एक आदमी, तीस किताब, सब एक जैसा,” तो म्हणाला. “तुम दुकानवाला.”

शाळेसाठी आहेत म्हटले, तर शाळेचे पत्र कुठे? पालक संघासाठी म्हटले, तर संघाचा परवाना कुठे? व्यापारी मालाची जकात भरून मी खोकी सोडवली. त्या शुक्रवारी अध्यक्षांच्या घरी पोहे खाताना मीच प्रथम बोललो की आपण रीतसर ना-नफा संस्था म्हणून मान्यता घेऊ. सूचना माझी होती. अध्यक्षांचे त्या सकाळचे योगदान, “होईल का हो हे?” एवढेच होते.

आता माझ्या घोळाविषयी.

संस्थेची घटना मी लिहिली. नमुना म्हणून पुण्यातल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचे उपविधी समोर ठेवले होते, कारण सभा, गणपूर्ती, निवडणूक यांची भाषा त्यात तयार होती. ‘सदनिकाधारक’ खोडून ‘पालक’ लिहिले, ‘इमारत’ खोडून ‘शाळा’ लिहिले. एक कलम मात्र नजरेतून सुटले: छतावरील पाण्याच्या टाकीची देखभाल व वार्षिक सफाई. टायपिंग सेंटरमधल्या केरळच्या अनुवादकाने इमानाने त्याचेही अरबी केले. ही चूक माझी होती. मी ती तेव्हाही मान्य केली होती आणि आजही करतो. पण तिच्यामुळे अर्ज अडला, हे धादांत खोटे आहे. तिचे काय झाले ते पुढे आलेच आहे.

अर्जाला सात संस्थापक लागत. प्रत्येकाच्या कंपनीचे ना-हरकत पत्र, पोलिसांचा दाखला, पासपोर्टची साक्षांकित प्रत, आणि या सर्वांचे अरबी भाषांतर. एका संस्थापकाच्या कंपनीने ते पत्र द्यायला पाच महिने लावले. सातही संच पूर्ण झाल्यावर अध्यक्ष आणि मी मिळून सरकारी कचेरीत गेलो. अध्यक्षांचे जे ‘वैयक्तिक संबंध’ छापून आले आहेत, त्यांचा संपूर्ण इतिहास म्हणजे ही एक भेट.

अधिकारी सभ्य होता. त्याने आम्हाला आत बसवले, चहा मागवला आणि फाइल अथपासून इतिपर्यंत वाचली. मध्येच थांबून त्याने विचारले, “ये पानी का टंकी किधर है? स्कूल का ऊपर?”

मी खरे ते सांगितले. तो मनापासून हसला आणि पेन्सिलीने ते कलम खोडून म्हणाला, “खलास. टंकी गया.” माझा घोळ इथे, चहा निवण्याआधी, संपला.

मग त्याने मानधनाचे पान उघडले.

“ये मदाम को पैसा मिलता है?”

“मिलता है. पढाती हैं,” मी म्हणालो.

त्याने संस्थापकांच्या यादीवर बोट ठेवले. “और ये नाम, वही नाम. तुम्हारा बीवी?”

“हां.”

“फिर ये जमिया नहीं, हबीबी. ये घर का दुकान हो गया.” जमिया म्हणजे संस्था. आवाजात राग नव्हता. संस्थापकाच्या घरात संस्थेचा पैसा जाता कामा नये, एवढाच नियम त्याने सांगितला. “मदाम निकालो, या तुम निकलो. फिर आओ.”

“इन्शाल्ला,” अध्यक्ष म्हणाले. त्या कचेरीत ते एकूण तीन वेळा बोलले आणि तिन्ही वेळा हेच बोलले.

गाडीत बसल्यावर मात्र त्यांना कंठ फुटला. “काय सचिवसाहेब, आधी तुमची टाकी, आता आमच्या वहिनी. अजून काय काय भरून ठेवलंय त्या फाइलीत?”

“नियम योग्य आहे,” मी म्हणालो. “माझे नाव काढा.”

“तुमचं नाव काढलं की सातांचे सहा. सातवा कुठून आणू? पुन्हा त्याच्या कंपनीच्या पाया पडा, पुन्हा पोलीस, पुन्हा भाषांतर. वर्ष गेलं. आणि वहिनींचं मानधन एकदा रुपयांत गुणून पाहा, पुण्यात प्राध्यापकाला मिळत नाही तेवढं. थोडं त्यांनीही सोसावं की.”

मी फाइल बंद करून मांडीवर घेतली.

इथे एक गोष्ट नोंदवतो. माझे नाव काढा, असे मी एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. सातवा माणूस शोधता आला असता, मी शोधला नाही. घटनेच्या प्रत्येक पानामागे माझी मेहनत होती, यादीत माझे नाव दुसरे होते, आणि ते तिथे राहावे असे मला वाटत होते. स्मरणिकेने हा आरोप माझ्यावर केला असता तर मी हे चार शब्दही लिहिले नसते. तो केलेला नाही. माझ्यावर टाकीचा आरोप केला आहे.

त्याच संध्याकाळी अध्यक्ष माझ्याबरोबर घरी आले. पत्नी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी शुद्धलेखनाच्या वह्या तपासत होती.

“वहिनी, एक विनंती होती,” अध्यक्ष म्हणाले.

“विनंतीला दोघं आलात म्हणजे ठरलंय,” ती म्हणाली. “बोला.”

त्यांनी नियम सांगितला. ती माझ्याकडे पाहत होती, मी वह्यांकडे.

“मग मानधन बंद करा. मी तशीच शिकवते,” ती म्हणाली.

“नको हो. उद्या तपासणीला कोणी आलं आणि तुम्ही फळ्यापाशी दिसलात, तर कुणाकुणाला पटवत बसणार आम्ही? तात्पुरतं आहे. कागद हातात पडू दे, तुम्हाला शाळेच्या पटावरच घेऊ. मी बोलतो ना प्राचार्यांशी.”

“आणि तोवर मुलं कोण घेणार?”

“बघतो ना.”

तिने एका वहीचे मागचे कोरे पान फाडले. राजीनामा इंग्रजीत हवा होता. दोन ओळी लिहून ती थांबली. “कारण काय लिहू?”

“पर्सनल लिहा,” अध्यक्ष म्हणाले. “त्यात सगळं बसतं.”

तिने ‘पर्सनल’ लिहिले, सही केली, कागद त्यांच्या हातात दिला आणि पुढची वही उघडली. त्या दिवशी ज्या वह्या आल्या होत्या, त्या तिने सगळ्या तपासल्या.

काही महिन्यांनी मान्यता आली. अध्यक्षांनी त्या कागदाला चौकट करून घेतली आणि त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतले. तेच स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आहे. प्राचार्यांशी ते कधी बोलले की नाही, मला ठाऊक नाही. मी दोनदा विचारले. पहिल्यांदा “यल्ला, करूया” हे उत्तर मिळाले आणि दुसऱ्यांदा “सचिवसाहेब, घरचा विषय सभेत नको” हे. दुसऱ्या उत्तरावर समितीतले सगळे हसले. पुढच्या निवडणुकीला मी उभा राहिलो नाही.

मान्यतेनंतर शुल्कमाफीचा पहिला लाभ कशाला मिळाला, हेही कुणाला आठवत नसावे. मुंबईहून पुस्तकांची खोकी आली आणि एक पैसाही न भरता बंदरातून सुटली. त्यांत पुढच्या इयत्तेची मराठीची पुस्तके होती, प्रत्येकी तीस. वर्ग नव्हता. खोकी प्रयोगशाळेच्या भिंतीशी लागली आणि आमच्या खोलीत कराटे शिकवायला सुरुवात झाली. संघ पुढे भरभराटीला आला, सभागृहे मोफत मिळाली, स्नेहसंमेलने झाली. ज्या एका कामासाठी तो काढला होता, ते काम तेवढे राहिले.

स्मरणिका वाचल्यावर मी अध्यक्षांना फोन केला. ते अजून दुबईतच आहेत आणि अजून अध्यक्षच आहेत.

“अहो, लिहिताना ओघात आलं,” ते म्हणाले. “शेवटी परतलातच ना तुम्ही?”

“राजीनाम्यानंतर चार वर्षांनी.”

“मग तेच की. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.”

“स्मरणिकेला पुढची आवृत्ती नसते.”

“तुम्ही अजून तसेच आहात, सचिवसाहेब,” ते म्हणाले आणि हसले.

त्यानंतर उरलेल्या पाच संस्थापकांपैकी तिघांशी बोललो. तिघांनाही आता असेच आठवते की वहिनी तेव्हा पुण्याला गेल्या होत्या. एकाला तर तिला विमानतळावर सोडायला गेल्याचेही आठवते. मी पासपोर्टवरच्या शिक्क्यांची गोष्ट काढली, तर तो म्हणाला की शिक्के काय, सुट्टीवर जाऊन आलेल्यांचेही असतात, एवढं मनाला लावून घेऊ नका. छापलेले वाचले की माणसांना तसेच आठवू लागते, हे मी या एका महिन्यात शिकलो.

म्हणून कुणाच्या आठवणीवर मी हा वाद सोडत नाही. राजीनामा तिने कुणाच्या सांगण्यावरून लिहिला, हे अध्यक्ष, ती आणि मी अशा तिघांच्याच समोर घडले आणि त्यांतले दोघे एकाच घरातले आहेत. त्यावर विश्वास ठेवा असे मी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की वर्ग बंद झाला तेव्हा ती दुबईत होती की नव्हती, आणि अध्यक्षांना ते ठाऊक होते की नव्हते. त्याला एक वस्तुस्थिती पुरेशी आहे: स्मरणिकेनुसार ती मायदेशी परतल्यानंतरची दोन वर्षे, दर सोमवारी आणि बुधवारी, अध्यक्षांची धाकटी मुलगी देऱ्यातल्या आमच्या घरी तिच्याकडे मराठी शिकायला येत होती, आणि तिला आमच्या दारापर्यंत आणून सोडणारे गृहस्थ स्वतः अध्यक्ष होते.