एका स्टेशनावरचं माहेर

या जगात रिकामटेकडी माणसं पुष्कळ आहेत, पण रिकामपणाला परंपरेची टोपी घालून मिरवणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा चुलतभाऊ आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. औषधांच्या गोदामात तीस वर्षं खोकी मोजून तो निवृत्त झाला, गिरगावातली खोली विकून भाईंदरला जेसल पार्कात वन रूम किचन घेतलं, आणि उरलेलं आयुष्य त्याने एकाच पवित्र कार्याला वाहिलं. ते कार्य म्हणजे मे महिना लागला की घराण्यातल्या लग्न झालेल्या मुलींना सासरी जाऊन माहेरी घेऊन येणं. पूर्वी बैलगाडी जुंपून मुलीचा भाऊ किंवा घरातलं कुणी तिला न्यायला जायचं, त्याला मुराळी म्हणत. बैल गेले, गाड्या गेल्या, मुलींना नातवंडं झाली, पण आमचा मुराळी काही जायला तयार नाही.

या मुलींपैकी मी सगळ्यात धाकटी. ही गोष्ट घडली तेव्हा वय वर्षं सेहेचाळीस, मेनोपॉजचा उंबरठा, पण दादाच्या लेखी अजून बेबी. मी मीरा रोडला राहते. म्हणजे जेसल पार्कापासून एक स्टेशन. वर्षभर मी भाजी आणायला भाईंदरला जाते तेव्हा त्याच्या घरी डोकावून येते, त्याला कुणी माहेरपण म्हणत नाही. पण मे महिन्यात हाच माणूस डोक्यावर पांढरी टोपी, हातात वायरची पिशवी, पिशवीत नारळ, खण आणि बेसनाचे लाडू असा सरंजाम घेऊन माझ्या दारात उभा राहतो. आत येत नाही. बसत नाही. आधी माझ्या नवऱ्याकडे बघून घसा खाकरतो आणि म्हणतो, ''जावईबापू, बहिणीला न्यायला आलोय. पाठवणार ना?''

''न्या की,'' हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात. ''यायची घाई करू नको म्हणावं.''

मग आमची मिरवणूक निघते. बॅग मी उचलायची नाही. रिक्षात उजव्या बाजूला मी बसायची, कारण माहेरवाशिणीला ऊन लागता कामा नये. समोरच्या ब्लॉकमधली गुजराती बाई दर वर्षी दार उघडून विचारते, ''भाभी, कोई बीमार है क्या? भाई लेने आये?'' तिला काय सांगू? मायके जातेय म्हटलं तर ती विचारणार मायका कुठे, आणि भाईंदर म्हटलं की ती हसून हसून जिन्यावर बसणार. मी आपली ''हां हां, थोडा काम है'' म्हणून सटकते.

माझं एक वेळ सोडा. आमची नागपूरवाली बहीण एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, नुसत्या नजरेने शिपाई उभे राहतात, दारात गाडी आणि ड्रायव्हर. तिला हा बाबा लाल डब्यातून घेऊन आला आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर ''उतरायचंय का गं? लागलीय का?'' असं सगळ्या गाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत आला. बेळगाववालीच्या मुलाने एकदा आईचं विमानाचं तिकीट काढलं होतं. दादाने ते परत करायला लावलं. ''विमानातून उतरते ती पाहुणी,'' म्हणाला. ''मुराळ्याबरोबर येते ती माहेरवाशीण. तुला कोण व्हायचंय ते तू ठरव.'' ती बिचारी माहेरवाशीण झाली आणि कंबर धरून चार दिवस झोपून राहिली.

आणि हे सगळं करून आणायचं कुठे, तर त्या खुराड्यात! पाय पसरला तर समोरच्या भिंतीला लागतो. पाणी सकाळी तासभर, तेही महापालिकेच्या मर्जीने, नाहीतर टँकर. त्यात आम्ही तिघी, कुणाची नातवंडं, कुणाच्या पिशव्या, कुणाचं रक्तदाबाचं यंत्र. दादा मधोमध खुर्ची टाकून बसायचा आणि फर्मान काढायचा, ''माहेरवाशिणीने इकडची काडी तिकडे करायची नाही!'' आम्ही नाही केली. दादाने तर जन्मातच केली नव्हती. मग काड्या कोण करत होतं म्हणाल तर आमच्या वहिनी. दादाची बायको. पहाटे उठून ड्रम भरायच्या, नातवंडांच्या अंघोळी, दुपारचा रस, संध्याकाळची थालिपीठं, रात्रीचं कुणाचं पथ्याचं. बोलायच्या अगदी कमी. स्वयंपाकघराच्या दारातून फक्त त्यांचा लाटणं फिरवणारा हात दिसायचा. दादा मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवायचा की बघा, आईबाप गेले तरी मी माझ्या बहिणींचं माहेर राखलंय. अरे वा रे राखणारा!

दोन हजार सहा-सात साल असेल. भर दुपारी फोन वाजला. वहिनींनी घेतला, दोन मिनिटं नुसतं ''हं, हं'' केलं, ठेवला आणि परत आंबे पिळायला बसल्या. मी पाणी प्यायला आत गेले तर रस पातेल्यात कमी आणि पदराला जास्त.

''काय झालं वहिनी?''

''काही नाही हो ताई. देवरुखहून होता, भावजयीचा. आईने अंथरूण धरलंय. सारखी विचारते म्हणे, ती कधी यायची.''

''मग जा ना! आज रात्रीच्या गाडीने बसा.''

''अशी कशी जाऊ? न्यायला कुणी आलेलं नाही.'' आणि मग पातेलं पुढे ओढत म्हणाल्या, ''कुणी यायचंही नाही. एकदा आला होता भाऊ. लग्नाला चार वर्षं झाली होती माझ्या, आता सव्वीस झाली. मे महिनाच होता, तुम्ही सगळ्या आला होतात. हे म्हणाले, घरात माहेरवाशिणी आल्यात, आत्ता कशी पाठवू? हात हलवत परत गेला तो. रिकाम्या हाताने परत पाठवलेला मुराळी पुन्हा त्या दारात पाऊल टाकत नाही, ताई. आमच्याकडे तरी नाही.''

म्हणजे बावीस वर्षं! बावीस वर्षांत ही बाई कुणाच्या लग्नाला, कुणाच्या दिवसकार्याला म्हणून नवऱ्याबरोबर सकाळी माहेरी गेली असेल आणि दुसऱ्या दिवशी परत आली असेल. पण राहायला, आईच्या कुशीत झोपायला गेलीच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तशीच बाहेर आले. दादा खुर्चीत बसून नातवंडांना मुराळ्याचे मानपान समजावून सांगत होता.

''मुराळ्याला आधी पाय धुवायला पाणी द्यायचं, मग—''

''मग परत हाकलायचं!'' मी म्हटलं. ''तेही सांग ना त्यांना. वहिनींच्या भावाला कसं हाकललंस ते सांग!''

''मी? मुराळ्याला? मी हाकललं?'' तो ताडकन उभा राहिला. ''काहीतरीच काय बोलतेस बेबी! असं पाप माझ्या हातून होणं शक्य नाही. मी त्याचं काही कमी केलं असेन तर विचार हिला. काय गं?''

वहिनी दारात आल्या होत्या. हात रसाने पिवळे. ''नाही हो,'' त्या शांतपणे म्हणाल्या. ''तुम्ही चहासुद्धा दिला होता त्याला.''

दादा खाली बसला. मी इतकी वर्षं या माणसाला गप्प करायचे नाना उपाय करून पाहिले होते, पण असा गप्प झालेला कधी बघितला नव्हता. रात्री जेवला नाही. सकाळी उठून बघतो तर गायब. टोपी नाही, वायरची पिशवी नाही. शिंकाळ्यातला नारळही नाही.

देवरुखला काय घडलं ते पुढे वहिनींच्या भावजयीने आम्हाला सांगितलं. हा महापुरुष भर उन्हात त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिला. भाऊ ओटीवर बसला होता, तो उठून आत गेला आणि बाहेरच येईना. दादा काही बसेना. पाणी दिलं, घेईना. शेवटी खिडकीतून आत, अंथरुणावरच्या सासूकडे बघून घसा खाकरून म्हणाला, ''आई, तुमच्या मुलाला न्यायला आलोय. पाठवणार का?'' बहिणींना सोडून मेहुण्याला न्यायला आलेला मुराळी त्या गावाने तरी पहिल्यांदाच बघितला असेल. महिनाभर न हसलेली म्हातारी म्हणे खुदकन हसली आणि मुलाला म्हणाली, ''जा रे बाबा, एवढ्या लांबून आलाय तो.''

तिसऱ्या दिवशी जेसल पार्कातल्या दाराची बेल वाजली. काटकुळा, पिकल्या मिशांचा माणूस, खांद्यावर फणस. मागे दादा, मान खाली घालून. मेहुणा आत आला नाही. तिथूनच म्हणाला, ''बहिणीला न्यायला आलोय.''

आतून करपल्याचा वास आला. वहिनी बाहेर आल्या, भावाकडे बघितलं, आणि बाई म्हणते काय, ''थांब हं जरा, सहा पोळ्या व्हायच्यात अजून.'' तेव्हा आमची नागपूरवाली मुख्याध्यापिका उठली, तिने पदर खोचला, वहिनींच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि जन्मभर शाळेला दरडावलं त्या आवाजात म्हणाली, ''निघा!'' वहिनींना रडू फुटलं. मलाही फुटलं, लपवून काय करू. अर्ध्या तासात त्या गेल्या.

आता पुढचं ऐका. मीठ कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही. ड्रम कधी भरायचा ठाऊक नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पाणी नाही. नातवंडं भुकेने किंचाळतायत, मुख्याध्यापिकेच्या पोळ्यांना कोपरे फुटतायत, आणि बेळगाववालीला आपल्या घरी अचानक अर्जंट काम निघालं. दोन दिवसांत घर रिकामं. तेव्हा कुठे आमच्या सगळ्यांच्या टाळक्यात उजेड पडला की आमचं माहेर काही दादाच्या टोपीत नव्हतं, ते उठून देवरुखला गेलं होतं.

चार दिवसांनी तो माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण तुटलेलं. नारळ नाही, खण नाही, यांच्यासमोर घसा खाकरणं नाही. आला आणि सोफ्यावर बसला. मी ताट वाढलं. रात्रीही गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गॅलरीत बसून खालची रिक्षांची रांग बघत राहायचा. टोमणे मारायला इतकी आयती संधी माझ्या जन्मात आली नव्हती, पण जीभच वळेना.

आठव्या दिवशी वहिनींचा फोन आला. आई आता उठून बसते, चार घास खाते, माझ्याच हातून खाते, असं त्या सांगत होत्या. मी फोन दादाच्या हातात दिला.

''जेवतोय गं, बेबीकडेच आहे,'' तो म्हणाला. तिकडून वहिनींनी न्यायला कोण येणार असं विचारलं असावं. मग म्हणाला, ''नाही, तसं नको. तुला आणायला मी कुणालाही पाठवणार नाही. तुझं मन भरलं की तुझी तू ये. कुणाची वाट बघू नकोस.''

फोन ठेवून तो पुन्हा गॅलरीकडे वळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ''बेबी, मन भरायला साधारण किती दिवस लागत असतील गं?''

''बावीस वर्षांचं साठलंय, दादा,'' मी म्हटलं. ''लागतील थोडे.''