मामाची फुकटची रॅम

माझ्या मामाला कुणालाही नेमकं तेवढंच देता येत नाही. पाणी मागितलं तर चहा देतो, पत्ता विचारला तर दारापर्यंत सोडून येतो. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. मान वाकवल्याशिवाय आत शिरता येत नाही. "गिऱ्हाईक नम्र होऊनच येतं, हा फायदा," असं मामा म्हणतो. नवीन मशीन नेणाऱ्याला तो जुन्यातली एखादी रॅमची पट्टी वर फुकट बसवून देतो. "मेमरी जास्त झाली तर कुणाचं पोट दुखतं?" पोट मामीचं दुखतं, पण तिला विचारतो कोण.

परवा सुट्टी म्हणून मी दुकानात बसलो होतो, तेव्हा घरांचे नकाशे करणाऱ्या ताई आल्या. तापलेलं पोर दवाखान्यात आणावं तसं मशीन कडेवर.

"काका, हे परत घ्या."

मामाचा स्क्रू-ड्रायव्हर हवेतच थांबला. त्याच्या दुकानातून गेलेलं मशीन आजवर परत आलं नव्हतं. तीच त्याची जाहिरात, कारण पाटी कधीच गळून पडली होती.

"झालं काय ताई?"

"खोक्यावर रॅमचा वेग बत्तीसशे लिहिलाय. मशीन दाखवतंय चोवीसशे. घराचं चित्र फिरवायला गेलं की अडकतं. संध्याकाळी घर बांधणाऱ्या मालकांना दाखवायचंय. माझ्या चित्रातल्या घराचं दार उघडेपर्यंत ते दुसऱ्याकडून बांधून घेतील!"

"दुपारपर्यंत द्या मला. नाही जमलं तर मशीन माझं."

ताई गेल्या. मामाने सेटिंगमध्ये जाऊन वेग बत्तीसशे केला. मशीन उठलं, बसलं, पुन्हा उठलं आणि निमूटपणे चोवीसशेवर आलं. परत केलं, परत तेच.

"माझ्यावर गेलंय," मी म्हणालो. "साहेब कितीही ओरडू देत, आपली चाल सोडायची नाही."

"तू गप बस रे."

मामाने आधी व्हायरसवर संशय घेतला, मग विजेवर, मग रॅम बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांवर. शेवटी ठेवणीतलं औषध काढलं: खोडरबर. पट्ट्या बाहेर काढून त्यांचे सोनेरी दात घासायला घेतले. घासून कागदावर मांडल्या: दोन काळ्या, जुळ्या बहिणी, आणि शेजारी एक हिरवी, म्हातारी. मामाचा हात थांबला.

तेवढ्यात मामी डबा घेऊन आली. "अहो, जेवताय ना? असे का बसलात?"

"या तिघी एकाच वेगाने चालतात गं. जी सगळ्यात हळू, तिच्या वेगाने."

"आत्याबाईंना घेऊन फिरायला गेलो की आपण चालतो, तसं?"

"तसंच. आणि ही हिरवी मीच घातली. बिनमागता."

मामीला बोलायला रान मोकळं होतं. पण तिने डब्याचं झाकण परत लावलं आणि म्हणाली, "मग काढा. जेवण नंतर."

हिरवी काढली, जुळ्यांना त्यांच्या खाचेत बसवलं, सेटिंग लावलं. बत्तीसशे! पण मामाचा चेहरा काही खुलेना.

"ताईंना काय सांगू?"

"सेटिंग राहिलं होतं म्हण ना," मी म्हणालो.

मामाने माझ्याकडे असं पाहिलं की मीच उठून पंखा पुसायला लागलो.

दुपारी ताईंनी चित्रातलं घर फिरवलं. ते गर्रकन फिरलं. "काय होतं हो?"

मामाने हिरवी पट्टी तळहातावर धरली. "ही मी प्रेमाने वर दिली होती. हिनेच बाकीच्यांचे पाय ओढले. चूक माझी."

ताई पट्टीकडे, मग मामाकडे बघत राहिल्या. "असं कुणी सांगत नाही हो काका. मशीन नेते मी."

मामाचा जीव भांड्यात पडला. पण पट्टी काढून घेऊन बाईंना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? त्याने फळीवरून माउसखालचं एक पॅड काढून पुढे केलं.

"हे आत नाही ना बसवायचं?" ताईंनी विचारलं. मामी इतकी हसली की डबा कलंडला.

जेवण झाल्यावर मामाने फोन हातात घेतला. कुणाला काय वर दिलंय ते त्याला तोंडपाठ. पहिला फोन निवृत्त मास्तरांना. "मास्तर, मशीन घेऊन या. मी दिलेली जास्तीची पट्टी काढतो, वेग वाढेल."

पलीकडचा आवाज मला आणि मामीलाही ऐकू आला. "वेग घेऊन मी कुठे जाऊ? प्रेमाने दिलेली वस्तू परत मागता, शोभतं का तुम्हाला?"