पालथा पाला

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अडुळशाचा पाला पसरणं. कोरेगावच्या आमच्या घरात, मधल्या खोलीत, तिच्या जुन्या लुगड्यावर. भुताखेताचं सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर येडा म्हणत आलोय, हे आधीच सांगतो.

पाला नातीसाठी. अश्विनी एम.एस्सी.ला. सांगलीकडं विद्यापीठाच्या नॅनो संस्थेत दोन महिने संशोधनाची संधी मिळालेली. पाल्याच्या काढ्यातून चांदीचे डोळ्याला न दिसणारे कण करायचे... पाण्याला चहाचा रंग आला की जमलं.

"आवं, पान पालथं टाका. उताणं काळं पडतंय," अनुसया म्हणाली.

"पानाला काय झोपवायचंय?"

"तुमी झोपता न्हवं पालथं? मग."

त्याच दुपारी ती गेली. छातीत कळ आली, संपलं. माणसांना बसायला जागा हवी म्हणून मीच तो ओला पाला पोत्यात कोंबून कोपऱ्यात लोटला. तेराव्यानंतर खोलीला कुलूप घातलं, तेव्हा पोत्याला कुजका वास मारत होता. किल्ली माझ्या बंडीच्या खिशात.

चार दिवसांनी अश्विनीचा फोन.

"आबा, आजीचा पाला हाय का? मी वाळवलेला तीनदा फसला, पाण्याला रंगच येईना. उद्या सर बघणार. न्हाई जमलं तर जागा दुसरीला."

"कुजला, पोरी. मीच कुजवला."

तिनं फोन ठेवला.

पोतं उकिरड्यावर टाकावं म्हणून भर दुपारी कुलूप काढलं. लुगडं पसरलेलं. त्यावर पाला — हिरवा, कुरकुरीत, पान न् पान पालथं. पोतं घडी घालून बाजूला. वास नाही. खिडकीला आतून कडी, घरात मी एकटा. दारातच बसलो. हाक मारावी वाटली, पण उत्तर आलं तर काय, म्हणून मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस्टीनं पाला घेऊन सांगलीला गेलो. तासाभरात पाणी पिवळं झालं, मग चहागत. सर म्हणाले, "जमलं. तुझी जागा पक्की."

अश्विनीनं प्रयोगाच्या कागदावर 'पाला कोणी वाळवला' इथं माझं नाव लिहिलेलं. मी पेन मागून ते खोडलं आणि 'अनुसया' लिहिलं. चौथी शिकलोय, तेवढं येतं. खाली वाळवल्याच्या तारखेची जागा होती. ती तशीच सोडली. काय घालायची, मला अजून कळलेलं नाही.