चिंधीने बांधलेले रॉड

हातखंब्याजवळ आत्माराम मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याने बांधलेलं डिझेल इंजिन पुन्हा उघडावं लागत नाही, ही त्याची तीस वर्षांची ख्याती. माझा ट्रक राजापूरहून चिरा वाहतो. त्याच्या इंजिनात मूळचं फारसं काही उरलेलं नाही. भंगारातल्या दोन इंजिनांचे भाग घालून मिस्त्रीनेच ते जगवलंय. या खेपेला मात्र पंधरा दिवस झाले तरी ते स्टँडवरच होतं, आणि मी रोज जाऊन मिस्त्रीचं डोकं खात होतो.

परवा एकदाचं सगळं आवळून झालं. मिस्त्रीने पान्याने इंजिनाचा दांडा, म्हणजे क्रँक, फिरवून बघितला. एका जागी तो अडखळला. मिस्त्रीने पुन्हा फिरवला.

"नव्या रिंगा हायत, कडक फिरणारच. चढवा आता," मी म्हणालो. घाई माझी आणि शहाणपणाही माझाच.

मिस्त्री बाकड्यावर बसला. सीतावहिनी जाऊन सहा महिने झाले, तेव्हापासून हा माणूस दुपारपर्यंतच दमलेला असतो.

"रिंगांचा नाय ता, निलेश. दोन रॉडांच्या कॅपा अदलाबदल झाल्यात. माज्याच हातनं."

पिस्टनच्या रॉडचं खालचं टोक दोन भागांत उघडतं. खालचा भाग म्हणजे कॅप. ज्याची कॅप त्यालाच लागते. दुसऱ्याची दिसायला बसते, पण क्रँकला आवळून धरते. तसंच चढवलं असतं तर घाटात भरल्या गाडीचं इंजिन जाम झालं असतं, आणि गाडीत मी असतो. भंगारातल्या रॉडांवरच्या नंबरांचा भरवसा नव्हता. म्हणून रॉड सुटला की त्याची कॅप लगेच चिंधीने त्यालाच बांधायची, ही मिस्त्रीची पद्धत.

"मग बांधल्यात का नाय या टायमाला?" मी भडकलोच, खोटं कशाला बोलू.

"ती माज्या मागं बसायची. जुनी साडी फाडून ठेवायची. मी हात मागं केला की हातात चिंधी." तो तळहाताकडे बघत राहिला. "या टायमाला रॉड सोडताना पण हात मागं केला. तसाच रवला. मग काय सुचलाच नाय, कॅपा खालीच ठेवल्या."

माझा राग कुठच्या कुठे गेला. माझीच मला लाज वाटली.

"सांग सगळ्यांना," तो म्हणाला, "आत्मारामान इंजिन परत खोललान म्हणून."

मी कुणाला सांगणार होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर इंजिन उलटं करून तेलाचं तसराळं काढलेलं. बाकड्यावर वहिनींची हिरवी साडी, घडीसुद्धा न मोडलेली.

"माज्यान नाय फाडवत. तू फाड," मिस्त्री म्हणाला आणि पाठ करून इंजिनाकडे वळला.

मी काठ धरून फाडली. आवाजाने त्याचे खांदे आकसले. पहिला रॉड सोडून त्याने न बघताच हात मागे केला. मी त्यावर चिंधी ठेवली.