सापडत नसलेल्या पत्त्यांची यादी

सुरतेत कामासाठी येणाऱ्या खानदेशातल्या माणसांसाठी मी एक ब्लॉग चालवतो. खोली कुठे मिळेल, सचिनच्या औद्योगिक वसाहतीत जायला कोणत्या नाक्यावरून रिक्षा मिळते, आधारवरचा पत्ता बदलायला कोणते कागद लागतात, एवढंच त्यात असतं. नोकरी सुताच्या गोदामात, नोंदी ठेवण्याची. लेखातलाही प्रत्येक आकडा मी दोनदा तपासतो.

एकशे बेचाळीस लेख झाले, तरी सर्चमध्ये ब्लॉग तिसऱ्या पानाच्या वर येईना. आमच्या सोसायटीखाली कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या गुजराती बाईंना दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

“काका, एक लेख चार विभागांत! और लिंक का पत्ता तो देखो, मालगाडी जितना लंबा. वर्ष, महिना, शहर, विभाग, मग नाव. मूळ पान कोणतं ते सर्चला कळणार कसं?”

“आणि एका विभागात किती लेख हवेत?”

“एक-दोनवाले काढूनच टाका. रिकाम्या दुकानाची पाटी कोण वाचतं?”

दोन रविवार बसून मी एकोणीस विभागांचे सहा केले आणि पत्ते आखूड केले. ‘हरवले’ या विभागात एकच लेख होता, माझ्या धाकट्या भावाचा. तीन वर्षांपूर्वी तो शहराबाहेर इच्छापोरला कंत्राटावर जातो म्हणून डबा घेऊन निघाला आणि तिथे पोचलाच नाही. लेखात त्याचा फोटो, उंची, भुवईवरचा व्रण आणि माझा नंबर होता. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून तो लेख मी ‘आठवणी’त हलवला. तिथे आबांवरचे, म्हणजे आमच्या वडिलांवरचे, चार लेख होते. भाऊ हरवल्यावर वर्षभरातच आबा वारले.

जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पत्त्यावर वळवण्याची सोय असते. ती मी जास्त वाचल्या जाणाऱ्या लेखांनाच केली. भावाचा लेख महिन्यातून जेमतेम चारदा उघडला जायचा. त्याला केली नाही.

खोल्यांचा लेख महिन्याभरात पहिल्या पानावर आला. मी आईला कौतुकानं मोबाइलवर सगळे विभाग दाखवले. ‘आठवणी’वर तिचं बोट थांबलं.

“त्याले आठे टाकं तू? तुना बापना बाजूले?”

“माय, विभाग फक्त सोयीसाठी असतो.”

“जित्ता माणूसनी सोय आशी करतस का रे?”

त्या दुपारी ब्लॉगची एक यादी पहिल्यांदा उघडली. कोणी मागितलेला पत्ता सापडला नाही, की त्याची वेळेसकट तिथे नोंद होते. रविवार होता. गल्लीतले यंत्रमाग बंद होते आणि घरात पंख्याचाही आवाज मोठा वाटत होता.

भावाच्या लेखाचा जुना पत्ता यादीत पाच वेळा होता. पाचही रविवारी, दुपारी दोनच्या सुमारास. सर्चची यंत्रं जुने पत्ते बरेच दिवस मागत राहतात, हे मला ठाऊक होतं. पण प्रत्येक वेळी मिनिटाभराच्या अंतरानं आणखी नोंदी होत्या. आधी पूर्ण पत्ता. मग शेवटचं नाव खोडून नुसता ‘हरवले’ विभाग. मग तोही खोडून नुसतं शहर. बंद दारावर थाप मारून कोणी मागच्या दाराशी जावं, तशा.

पाचव्या रविवारी चौथी नोंद होती. तसा पत्ता मी कधी केलाच नव्हता. ब्लॉगच्या नावापुढे फक्त ‘माय’, इंग्रजी अक्षरांत.

ब्लॉगवर सगळीकडे मी ‘आई’ लिहिलं आहे. यंत्र ‘माय’ कुठून आणणार?

मी ‘हरवले’ विभाग एका लेखासाठी परत उघडला, जुना पत्ता चालू केला आणि ‘माय’ या पत्त्यावर नवं पान केलं. मजकूर आईनं सांगितला. “ये रे भाऊ. कोनी काही बोलाव नही.” तेवढाच ठेवला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मोबाइल समोर ठेवून बसलो. आईनं जेवायला नकार दिला. दोन वाजून आठ मिनिटांनी यादीत एकच ओळ आली. ‘माय’, आणि त्यापुढे तिरपी रेघ देऊन ‘आबा’.

“काय इचारस तो?” आई म्हणाली.

“आबा कुठे आहेत, ते.”

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “लिही, बाप वाट देखी ऱ्हायना. बापसाठे तरी यी.”

मी आजवर एकही खोटी ओळ टाकलेली नाही. ती स्वयंपाकघरात गेल्यावर ‘आबा’चा तो पत्ता मी आबांवरच्या पहिल्या लेखाकडे वळवला. त्यात पहिल्याच ओळीत त्यांच्या मृत्यूची तारीख आहे. पुढच्या रविवारी दोन वाजता ते पान त्या पत्त्यावरून एकदा उघडलं गेलं. आमच्यापैकी कोणी उघडलेलं नव्हतं.

त्याला सात रविवार झाले. यादीत नोंद नाही, फोन नाही. माग बंद असले की आई दोन वाजता विचारते आणि मी आकडा सांगतो, शून्य.

“काहीच इचारस नही ना आते?” ती काल म्हणाली. “मंग घरले निंघना व्हई तो.”

मी त्याला कुठे वळवलं, ते तिला अजून सांगितलेलं नाही.