बंद मागांच्या शेडमधला सिनेमा

विशीत मी एक मूर्खपणा केला. सोलापुरात भुताचा एक सिनेमा लागला होता. तो अंधश्रद्धा पसरवतो म्हणून मी टॉकीजसमोर घोषणा देत उभी राहिले. सिनेमा पाहिला नव्हताच. पुरोगामी बाईला पाहायची काय गरज, असा माझा तोरा!

त्या टॉकीजचा ऑपरेटर आता आमच्या गल्लीत राहतो. दर रविवारी बंद मागांच्या शेडमध्ये चादर टांगून तो जुने सिनेमे दाखवतो. प्रेक्षक म्हणजे मी आणि त्याच्या मांजरी. खुर्चीवरचं मांजर तो उठवत नाही. "अक्का, ती आधी आली हाय, तुमी सतरंजीवर बसा की." माणसं येत नाहीत, तर शेड भाड्यानं देऊ, असा त्याच्या मुलाचा धोशा चाललाय.

परवा त्यानं मुद्दाम तोच सिनेमा लावला. शेवटी गावातल्या बायका भुताला धरतात, तर पांढऱ्या साडीतून सावकार निघतो! म्हणजे मी आपल्याच बाजूच्या सिनेमाविरुद्ध घसा फोडला होता. मी माफी मागितली.

मांडीवरच्या मांजरीची मान खाजवत तो म्हणाला, "माफी ऱ्हाऊ द्या, अक्का. येत्या रविवारी शेडच्या दारात तशाच बोंबला की. तवा तुमच्यामुळंच लई गर्दी झालती."